पैठणच्या बाजूने बोलताना

३० ऑक्टोबर २०२३ रोजी गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाचा आदेश निघाला. नाशिक आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या धरणांतून पैठणच्या जायकवाडी धरणासाठी ८.६०३ टीएमसी पाणी सोडायचे होते. वाटणीही ठरलेली होती: मुळा समूहातून २.१०, प्रवरा समूहातून ३.३६, गंगापूर समूहातून ०.५ आणि दारणा समूहातून २.६४३. यातले पहिले दोन आकडे अहमदनगरमधल्या अकोले तालुक्याच्या थेट जिव्हाळ्याचे. प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते, मुळा हरिश्चंद्रगडाच्या परिसरात. १९२६ साली पुरे झालेले ११,०३९ दशलक्ष घनफुटांचे भंडारदरा धरण या तालुक्यात, ८,३२० दशलक्ष घनफुटांचे निळवंडेही इथलेच. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात पावसाळ्यात आभाळ फाटते आणि उन्हाळ्यात त्याच डोंगरांवरच्या वाड्यांतल्या बाया हंडाभर पाण्यासाठी पायपीट करतात.

अकोल्यात किंवा राजूरला महाविद्यालयात राज्यशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना पाणी वर ठेवायचे की खाली सोडायचे हा तंटा पुस्तकातून कळत नाही. एखाद्याच्या आज्याची जमीन धरणात गेलेली असते. एखाद्याच्या घरचा ऊस पाटाच्या पाण्यावर उभा असतो. एखाद्याच्या शेताच्या उशाशी फुगवट्याचे पाणी पसरलेले असते आणि ते उचलायची परवानगी मिळता मिळत नाही. वर्गात येऊन बसण्याआधीच प्रत्येकाची बाजू ठरलेली असते. अशा वर्गात समन्यायी पाणीवाटप हा विषय शिकवायचा, तर २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातले कलम फळ्यावर लिहून ते पुढे सरकत नाही. मुले कलम उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि मत जिथल्या तिथे राहते.

म्हणून अलीकडे शिक्षक दुसऱ्या वाटेकडे वळतात. वर्गाचीच बैठक करायची. कोणी अधीक्षक अभियंता व्हायचे, कोणी राहात्याचा ऊसवाला, कोणी पैठणचा मोसंबीवाला, कोणी डोंगरावरच्या वाडीतली बाई. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत याला भूमिकापालन म्हणतात. नवीन शैक्षणिक धोरणाच्या चर्चेत कृतीतून शिकण्यावर जो भर दिला जातो, त्यात ही पद्धत हटकून पुढे येते. बैठक रंगते, मुले हिरिरीने बोलतात, मागच्या बाकावरचा कधी न बोलणारा पोरगा एकदम टेबलावर हात आपटतो. शिक्षकाला समाधान वाटते. या मुलांच्या शिकण्यात नेमका काय फरक पडला आणि तो कसा ओळखायचा, हा प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी विचारलाच जात नाही. या लेखाचा विषय तो प्रश्न आहे.

माझे मत आधीच सांगतो. भूमिका किती छान वठवली यावर गुण देणे हे मोजमाप चुकीच्या जागी लावणे आहे. ज्याच्याशी आपले पटत नाही त्याची बाजू आपण इतकी नीट मांडू शकतो का, की ती ऐकून तो स्वतः म्हणेल, होय, माझे म्हणणे हेच आहे? त्या दिशेने विद्यार्थी आधी कुठे होता आणि नंतर कुठे पोचला, हे मोजायला हवे.

महाराष्ट्राला भूमिकापालनाची पद्धत अजिबात नवी नाही. बी.एड. केलेल्या कोणालाही सूक्ष्म अध्यापन आठवत असेल. १९६३च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात त्याची सुरुवात झाली. आपल्याकडे ते आले तेव्हा खऱ्या मुलांऐवजी सहाध्यायींनाच मुले बनवण्याची रीत रूढ झाली. एक पाठ जवळून पाहू. छात्राध्यापिका फळ्यापाशी उभी आहे. समोर तिच्याच वर्गातल्या सात-आठ जणी सहावीच्या मुली होऊन बसल्यात. कौशल्य आहे प्रश्न विचारण्याचे. वेळ सहा मिनिटे. ती प्रश्न विचारते, हात वर होतात, एक जण ठरवून चुकीचे उत्तर देते, कारण चुकीचे उत्तर हाताळणे हाही कौशल्याचा भाग. मागे बसलेली निरीक्षक नोंदतक्त्यावर खुणा करते आहे: प्रश्न किती विचारले, उत्तरासाठी थांबली का, प्रश्न पुन्हा पुन्हा उच्चारला का, एकाच मुलीकडे बघून बोलली का. घंटा होते. सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुन्हा तोच पाठ दुसऱ्या गटापुढे, पुन्हा सहा मिनिटे प्रत्याभरण. छत्तीस मिनिटांत एक चक्र पुरे.

या छत्तीस मिनिटांची आपल्याकडे पुरेशी कदर झाली नाही असे मला वाटते. मूल्यमापनाच्या दृष्टीने त्यात एक फार मोलाची गोष्ट आहे: दुसरा प्रयत्न. पहिल्या पाठाचा नोंदतक्ता आणि दुसऱ्या पाठाचा नोंदतक्ता शेजारी ठेवले की फरक डोळ्यांसमोर येतो. तो फरक हाच शिकण्याचा पुरावा. पहिल्या पाठात उत्तम असलेली मुलगी दुसऱ्यातही तितकीच उत्तम असेल, तर तिला गुण मिळतील. पण त्या छत्तीस मिनिटांनी तिला काही दिले असे म्हणता येणार नाही. अडखळणारी मुलगी दुसऱ्या वेळी थांबून उत्तराची वाट बघू लागली, तर पद्धतीने काम केले. आपले गुणपत्रक पहिलीला वर ठेवते आणि पद्धत यशस्वी झाली असे अहवालात लिहिते.

सूक्ष्म अध्यापनाची उणीवही तितकीच ठळक आहे. सहावीतल्या मुली झालेल्या त्या सगळ्या पदवीधर असतात. त्यांना उत्तर ठाऊक असते, त्या शहाण्यासारख्या वागतात. राजूरच्या आदिवासी विकास प्रकल्पाच्या एखाद्या आश्रमशाळेत घरी ठाकरी बोलणारे, प्रमाण मराठीतला प्रश्न न कळल्याने गप्प राहिलेले मूल त्या गटात कोणी होत नाही. ते गप्प राहणे वठवायचे तर आधी ते समजावे लागते. भूमिकापालनाचा कस अशा दुय्यम वाटणाऱ्या भूमिकांत लागतो.

वकिलीच्या शिक्षणात अभिरूप न्यायालय सक्तीचे आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्याने वर्षात किमान तीन अभिरूप खटले चालवायचे, प्रत्येकाला दहा गुण; त्यातले पाच लेखी निवेदनाला, पाच तोंडी युक्तिवादाला. ही विभागणी शहाणपणाची आहे. बोलण्यात तरबेज असणाऱ्याला निम्मेच गुण मिळतात, उरलेले निम्मे अभ्यासाला. शिवाय मोठ्या अभिरूप न्यायालय स्पर्धांत संघाला वादी आणि प्रतिवादी अशा दोन्ही बाजूंची निवेदने तयार करावी लागतात. दोन्ही बाजू लिहाव्या लागल्या की आपल्या बाजूतले भोक आपल्यालाच आधी दिसते.

युवा संसदेचे गणित निराळे. संसदीय कार्य मंत्रालयाची ही योजना १९६६मध्ये दिल्लीच्या शाळांपासून सुरू झाली, विद्यापीठ-महाविद्यालयांसाठी १९९७-९८पासून. अध्यक्ष, पंतप्रधान, विरोधी पक्षनेता, प्रश्नोत्तरांचा तास, सारे असते. परीक्षक शिस्त, संसदीय रीतीचे पालन, प्रश्नांची निवड, भाषणांचा दर्जा बघतात आणि संघाला गुण देतात. कार्यक्रम देखणा होतो, मुलांना सभागृहाची रीत कळते, तेवढ्यापुरते ते चांगलेच आहे. पण भाषणे बहुधा लिहून पाठ केलेली असतात, उत्तराचे उत्तरही आधी ठरलेले असते. ज्या बैठकीचा शेवट सगळ्यांना आधीच ठाऊक आहे, तिला मी नाटक म्हणेन. भूमिकापालनात निर्णय कुठे जाईल हे कोणालाच ठाऊक नसावे.

आता वैद्यकाकडे बघू, कारण मोजमापाची बाब तिथे सगळ्यांत पुढे गेली आहे. १९६३मध्ये हॉवर्ड बॅरोज या डॉक्टरांनी कॅलिफोर्नियात एका व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसवले. १९७५मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या रोनाल्ड हार्डन यांनी त्यावर परीक्षेचा सांगाडा उभारला: विद्यार्थी एका टेबलाकडून दुसऱ्याकडे जातो, प्रत्येक ठिकाणी ठरावीक मिनिटे, ठरावीक काम, ठरावीक तपासणीतक्ता. भारतात २०१९च्या तुकडीपासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमताधारित झाला आणि रुग्णाशी कसे बोलावे, वाईट बातमी कशी सांगावी, संमती कशी घ्यावी हे भूमिकापालनातून शिकवण्याचा आग्रह त्यात आला. प्रवरेच्या पाटपाण्यावर मोठ्या झालेल्या लोणीतल्या वैद्यकीय महाविद्यालयालाही तोच अभ्यासक्रम लागू आहे. या परीक्षांतली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी: अनेक ठिकाणी रुग्ण झालेली व्यक्तीही गुण देते. डॉक्टरने माझे पुरते ऐकून घेतले का, मला कळेल असे सांगितले का, याचे उत्तर परीक्षकापेक्षा तिलाच अधिक ठाऊक असते. पाण्याच्या बैठकीतही हे करता येईल, त्याकडे पुढे येतो.

परदेशातला पुरावा काय सांगतो? २०१४मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसती व्याख्याने ऐकणाऱ्यांपेक्षा वर्गात काही करत शिकणाऱ्यांचे परीक्षेतले गुण सरासरी सहा टक्क्यांनी जास्त निघाले, आणि व्याख्यानवाल्या वर्गात नापास होण्याची शक्यता दीडपट. हा पुरावा भक्कम आहे, पण तो कृतिशील शिक्षणाच्या सगळ्या प्रकारांचा मिळून आहे. नुसत्या भूमिकापालनाकडे पाहिले तर चित्र इतके स्वच्छ नाही. अमेरिकेतले राज्यशास्त्राचे प्राध्यापक चॅड रेमंड यांनी २०१०मध्ये एका अभ्यासक्रमातल्या वर्गांची तुलना प्रसिद्ध केली. भूमिकापालन केलेल्यांच्या परीक्षेतल्या गुणांत लक्षणीय फरक पडला नव्हता, शिक्षकाविषयीच्या अभिप्रायातही नाही. पद्धतीच्या प्रेमात असलेल्या प्रत्येकाने हा निष्कर्ष वाचायला हवा. त्याचा अर्थ पद्धत वाया गेली असा मी काढत नाही. नेहमीची परीक्षा जे मोजते ते भूमिकापालनाने फारसे वाढत नसेल आणि जे वाढते ते ती परीक्षा मोजत नसेल. पण हे नुसते म्हणून भागत नाही, ‘जे वाढते’ ते दाखवून द्यावे लागते.

मग विद्यार्थ्यांनाच विचारावे, तर तिथेही पाय घसरतो. हार्वर्डमध्ये लुई डेलॉरियर्स आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका गटाला ओघवते व्याख्यान, दुसऱ्याला स्वतः झगडून प्रश्न सोडवणे. चाचणीत दुसरा गट पुढे होता. आपण जास्त शिकलो असे मात्र व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटत होते. कष्ट पडले की मुलाला वाटते आपल्याला येत नाही. ऐकताना सोपे वाटले की वाटते आपल्याला आले. भूमिकापालनात उलटही घडू शकते: मजा आली, म्हणजे शिकलो. दोन्हीकडे वाटणे आणि येणे यांची फारकत आहे. आपल्या महाविद्यालयांत उपक्रम संपला की अभिप्रायाचा अर्ज भरून घेतात, त्यावर ‘खूप आवडले’ असे लिहून येते, जिओटॅग असलेले फोटो निघतात, दोन्ही कागद नॅकच्या फाइलीत जातात आणि उपक्रमाची परिणामकारकता सिद्ध झाली असे मानतात. शिक्षक हे हौसेने करत नाहीत, कागद मागितले जातात म्हणून करतात. तरीही त्या कागदांतून शिकण्याविषयी काहीच कळत नाही, हे स्पष्ट म्हणायला हवे.

आपल्याला सगळ्यांत जवळचा पुरावा महाविद्यालयाबाहेरचा आहे, तोही पाण्याचाच. आंध्र प्रदेशातल्या गावांत रूथ मिन्झेन-डिक आणि सहकाऱ्यांनी भूजलाचा खेळ मांडला, त्याचा अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. शेतकरी गटाने बसायचे, प्रत्येकाने पीक निवडायचे, कोणते पीक जमिनीखालचे किती पाणी ओढते ते ठरलेले, आणि फेरीगणिक पातळी खाली जाताना दिसायची. खेळ संपल्यावर सगळ्या गावाबरोबर चर्चा. वर्षभराने किंचित बदललेला खेळ पुन्हा त्याच गावांत. आपसांत बोलू दिल्याचा परिणाम पहिल्या वर्षी दिसला नाही, दुसऱ्या वर्षी दिसला. आणि खेळ झालेल्या गावांपैकी कितीतरी जास्त गावांनी नंतर पाण्याची नोंदवही ठेवली, उपशाचे नियम केले. त्याच कार्यक्रमातल्या, पण खेळ न झालेल्या गावांत हे प्रमाण कमी होते. खेळात किती गुण मिळाले हे इथे कोणी शेवटचे माप मानले नाही. खेळानंतर गावात काय बदलले ते तपासले, न खेळलेल्या गावांशी ताडून पाहिले, आणि वर्षभर थांबले. मूल्यमापनाचे हे तिन्ही धडे अकोल्याच्या वर्गात आणता येतील.

तर बैठक कशी मांडावी? मी आराखडा देतो. त्यातले विद्यार्थी-शेतकरी कल्पित, कायद्याची चौकट मात्र खरी. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याच्या कलम १२(६)(ग)मध्ये टंचाईच्या काळी खोऱ्यातले पाणी समन्यायी वाटण्याचे तत्त्व आहे. मेंढेगिरी समितीने २०१३मध्ये कोणत्या वर्षी कोणत्या धरणात किती ठेवून किती सोडायचे याचे तक्ते सुचवले. प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी आदेश दिला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१६च्या निकालात समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. प्राधिकरणाच्या त्या आदेशाप्रमाणे पंधरा ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा, खरिपाचा वापर धरून, ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडण्याचा विचार होतो. एवढी माहिती प्रत्येकाला आधीच्या तासाला लेखी मिळावी. माहितीवाचून केलेले भूमिकापालन म्हणजे चावडीवरच्या गप्पा.

मग चिठ्ठ्या. भूमिकेची चिठ्ठी चांगली लिहिली की निम्मे काम झाले. पैठणच्या शेतकऱ्याची चिठ्ठी मी अशी लिहीन: “तुमची चार एकर मोसंबी जायकवाडीच्या कालव्यावर आहे. झाडे नऊ वर्षांची. मागच्या दोन उन्हाळ्यांत टँकरने पाणी घालून बाग जगवली, त्याचे कर्ज फिटायचे आहे. बाग वाळली तर नवी लावून फळ धरायला काही वर्षे जातील. वर धरणे आधीपासून आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे आणि वरच्या शेतकऱ्यावर तुमचा राग नाही. बैठकीआधी कागदावर दोन गोष्टी लिहा: तुम्हाला काय हवेच आहे, आणि तुम्ही काय सोडायला तयार आहात. हा कागद कोणाला दाखवू नका.” चिठ्ठीत स्वभाव सांगायचा नाही, परिस्थिती सांगायची. तापट आहात, भांडखोर आहात असे लिहिले की मुले सोंग आणतात आणि विचार बाजूला पडतो. आणि काय सोडाल ते आधी लिहून घेतले की बैठकीनंतर पडताळता येते: ठरवल्यापेक्षा जास्त सोडले का, कोणत्या मुद्द्यामुळे सोडले?

टेबलाभोवती इतरही हवेत. श्रीरामपूरकडचा जुना बागायतदार, ज्याच्या घरी तीन पिढ्या पाटाचे पाणी. निळवंड्याच्या कालव्याच्या टोकाचा जिरायतदार: १९७०मध्ये कल्पना निघालेल्या या धरणाच्या ८५ किलोमीटरच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले, म्हणजे पहिले आवर्तन येते न येते तोच चार दिवसांनी पाणी खाली सोडण्याचा आदेश आला, ही त्याची अडचण. छत्रपती संभाजीनगर शहराचा पाणीपुरवठा अधिकारी, कारण ते शहर जायकवाडीचे पाणी पिते. महामंडळाचा अधिकारी, ज्याला नदीपात्रातून जाताना किती पाणी मुरेल याचेही उत्तर द्यायचे आहे. आणि रतनवाडीकडची बाई, जिच्या गावात पाऊस सगळ्यांत जास्त आणि जिचे नाव कोणत्याच वाटपाच्या तक्त्यात नाही.

भूमिका कोणाला द्यायची, हा यातला नाजूक भाग. जव्हार-मोखाड्याच्या बोहाडा या सोंगांच्या उत्सवात काही गावांत सोंगे ठरलेल्या घरांकडे पिढ्यानपिढ्या चालत येतात आणि ते त्या उत्सवाचे बळ आहे. वर्गात मात्र घरची भूमिका घरच्याला देऊ नये. ज्याच्या घरी ऊस त्याने वाडीतली बाई व्हावे, अकोल्याच्या मुलीने पैठणचा शेतकरी. मात्र ज्याच्या कुटुंबाची जमीन धरणात गेली त्याला, ‘विस्थापन गरजेचेच होते’ असे ठासून सांगणाऱ्या अधिकाऱ्याची भूमिका गळ्यात मारू नये. त्याच्यासाठी तो खेळ राहत नाही. वर्गात महादेव कोळी, ठाकर घरांतली मुले बसलेली असताना दुसऱ्या कोणी आदिवासी होऊन बोलण्याची नक्कल करावी आणि वर्गाने हसावे, हे तर होताच कामा नये. भूमिका नाकारण्याचा हक्क प्रत्येकाला हवा आणि नाकारल्याने एकही गुण कमी होता कामा नये. त्याला निरीक्षक करावे. नोंदतक्ता भरणारा अनेकदा बोलणाऱ्यापेक्षा जास्त शिकतो.

बैठक एका तासिकेत आटपत नाही. एक तासिका तयारीला, दीड-दोन बैठकीला आणि एक पूर्ण तासिका नंतरच्या चर्चेला. ही शेवटची तासिका सगळीकडे कापली जाते, कारण तोवर वेळ संपलेला असतो आणि मुले उठायच्या बेतात असतात. माझ्या मते शिकणे तिथेच घडते. भूमिका उतरवून आपापल्या नावाने बोलायचे: कोणत्या वाक्याला तुम्ही अडलात, कोणाचे बोलणे ऐकल्यासारखे करून टाळलेत, रतनवाडीच्या बाईला किती वेळ बोलू दिलेत. आंध्रातल्या खेळानंतर गावाशी चर्चा होती म्हणूनच पुढे नोंदवह्या आल्या असतील असा माझा कयास आहे. चर्चा गाळायची असेल तर बैठकही घेऊ नये, तेवढ्या वेळात नीट व्याख्यान द्यावे.

आता मोजमाप. बैठकीच्या आठवडाभर आधी आणि नंतर, दोन्ही वेळा तेच तीन प्रश्न लेखी. पहिला माहितीचा: ६५ टक्के कशाचे, कोणत्या तारखेला, त्यावरून पुढे काय ठरते? दुसरा बाजूचा: तुम्हाला मान्य नसलेल्या पक्षाचे म्हणणे दीडशे शब्दांत, त्याच्या तोंडून, त्याला पटेल असे लिहा. तिसरा नव्या प्रसंगाचा: कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावरून जुन्नर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा यांच्यात ओढाताण असते, तिथे तुम्ही कोणती माहिती मागाल आणि कोणाला टेबलाशी बोलवाल? तिसरा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा, कारण प्रवरेवर शिकलेले कुकडीवर वापरता आले तरच ते मुलाचे झाले. नंतर तीच चाचणी अडीच-तीन महिन्यांनी, न सांगता.

तुलनेसाठी दुसरी तुकडी लागते. अ तुकडीने पाणीवाटप बैठकीतून शिकावे, ब तुकडीने त्याच शिक्षकाकडून, तितक्याच तासिकांत, व्याख्यान आणि वाचनातून. पुढच्या विषयाला अदलाबदल: वनहक्क कायद्याखालचा दावा ग्रामसभेत कसा तपासतात हे ब तुकडीने भूमिकापालनातून करावे, अ तुकडीने वाचून. अकोल्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, पेसाची ग्रामसभा तिथल्या मुलांच्या घरापासून हाकेवर आहे, त्यामुळे हाही विषय जिवंत. अशा अदलाबदलीने कोणावर अन्याय होत नाही आणि एका तुकडीत मुळातच हुशार मुले असली तरी हिशेब बिघडत नाही. उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी क्रमांक हवा आणि आधीच्या व नंतरच्या मिसळून तपासायला द्याव्यात, म्हणजे तपासणाऱ्याचा हात आपसूक सैल सुटणार नाही.

एवढे सगळे कोण करणार, हा आक्षेप खरा आहे. ग्रामीण महाविद्यालयांत कितीतरी विषय तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या खांद्यावर आहेत. त्यांना तासाचे पैसे मिळतात. चिठ्ठ्या लिहिण्याचे, दोनशे उत्तरपत्रिका तीनदा तपासण्याचे मिळत नाहीत. एसटीची वेळ झाली की मागच्या दोन रांगा रिकाम्या होतात, कारण ती चुकली तर घाटाखालच्या किंवा डोंगरावरच्या गावाला पोचायला दुसरी सोय नसते. म्हणून सत्रात एकच बैठक करावी आणि ती नीट करावी. अंतर्गत मूल्यमापनातले गुण लेखी कामाला द्यावेत, बैठकीतल्या बोलण्याला देऊच नयेत. बोलण्याला गुण आहेत म्हटले की चार धीट मुले बैठक ताब्यात घेतात आणि बाकीची त्यांना ऐकत बसतात. गुण नाहीत म्हटले की लाजरी मुलगीही चूक करायला धजते.

आता वैद्यकातल्या त्या रुग्णाकडे येतो. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे, म्हणजे समोरच्याची बाजू त्याच्या तोंडून लिहिलेली, ती खरी उतरली का हे अकोल्यातल्या शिक्षकाने ठरवू नये. तोही अकोल्याचाच. ती उत्तरे पैठण किंवा छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या महाविद्यालयातल्या त्याच वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे पाठवावीत. त्यांनी प्रत्येक कागदावर एवढेच लिहावे: आमचे म्हणणे हे आहे का, काय राहिले, कुठे आमच्या तोंडी नसलेले घातले. बदल्यात त्यांनी अकोल्याची, राजूरची, रतनवाडीची बाजू लिहून इकडे पाठवावी आणि ती अकोल्याच्या मुलांनी तपासावी. यासाठी अनुदान लागत नाही, सामंजस्य कराराचा समारंभ लागत नाही. दोन शिक्षकांची ओळख आणि उत्तरांचे मोबाइलवर काढलेले फोटो पुरतात. वेळ मात्र ठरलेली हवी: पहिली चाचणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, बैठक पंधरा तारखेनंतर धरणांचे खरे साठे जाहीर झाल्यावर, कागदांची देवाणघेवाण दिवाळीच्या सुट्टीनंतर, आणि शेवटची न सांगता घ्यायची चाचणी जानेवारीच्या अखेरीस, उन्हाळी आवर्तनांची चर्चा गावात सुरू होण्याच्या आत.